आधी चिंधी, मग तागा

अण्णा चहासुद्धा एकदम पीत नसत. आधी बशीत थेंबभर ओतायचे, जिभेला लावायचे, डोळे मिटून घ्यायचे आणि मग म्हणायचे, "आधी चिंधी, मग तागा." चहा देणाऱ्याचा जीव वरखाली व्हायचा, दूध नासलंय की काय! तसं काही नसायचं. अण्णांच्या घरात तीन पिढ्या कापड रंगवायचं काम. अख्खा तागा रंगात सोडण्याआधी एक चिंधी भिजवून बघायची, हे त्यांच्या रक्तातच उतरलं होतं. कापडाचं काम सुटलं, पण बोलणं सुटलं नाही.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. प्रत्येक गोष्ट पारखून घेणारा, आणि म्हणूनच आपल्याला फार खात्रीचा वाटणारा. मला अण्णा तसे वाटले होते. इतकी वर्षं झाली, पण त्या वाटण्याचा राग काही माझ्या मनातून जात नाही.

लढाईच्या आधीपासून मी एका फिरत्या सिनेमात मशीनवर होतो. आठ महिने आमचा तंबू कऱ्हाड, मलकापूर, उंब्रज, तासगाव असा हिंडायचा. जिथं जत्रा तिथं आम्ही. पावसाळ्यात तंबू मिटायचा आणि सांगलीत कृष्णेजवळच्या एका वखारीत पडून राहायचा. मालक जुनी चित्रं विकत आणायचे, शहरात फिरून फिरून दमलेली. तुटलेली फिल्म जोडायचं काम माझं, आणि काळ्यापांढऱ्या गाण्याला रंग चढवायचं काम अण्णांचं. गावाच्या वेशीत आमची पाटी लागायची, ‘एक गाणे संपूर्ण रंगीत’. खरं सांगायचं तर निम्मी माणसं त्या एका गाण्यासाठीच यायची.

रंगीत म्हणजे आज तुम्ही बघता तसं नव्हे. एका वेळी एकच रंग. चांदण्यातलं गाणं असलं की सगळं निळं, लग्नाचं असलं की गुलाबी, कुठं आग लागली की केशरी. पण तासभर काळंपांढरं बघून सुकलेल्या डोळ्यांवर तो रंग असा यायचा की तंबूभर एकदम शांतता पसरायची. मशीनशेजारी उभे राहून अण्णा ती शांतता ऐकायचे. पडद्याकडे ते फारसं बघत नसत.

काम सोपं दिसायचं. अण्णा घरी नेऊन धुऊन आणायचे ते रीळ एका लाकडी रहाटावर गुंडाळायचं, खाली जस्ताच्या टबात रंगाचं पाणी, आणि रहाट बेतानं फिरवत राहायचा. पण फिल्मच्या कडेला आवाजाची एक बारीक पट्टी असते. तिला रंग लागला तर गाणारी बाई घशात कापूस कोंबल्यासारखी गाते. म्हणून आधी त्या पट्टीवर मेणाचा हात फिरवायचा आणि शेवटी रॉकेलच्या बोळ्यानं मेण पुसून काढायचं. ते मेण लावायला शिकताना माझे दोन पावसाळे गेले. अण्णांनी माझा हात धरून शिकवलं. अवघड ते सगळं त्यांनी मला शिकवलं, हे मी नाकारत नाही.

त्यांचे हात कोपरापर्यंत कुठल्या ना कुठल्या रंगाचे असायचे. तासगावच्या एका लग्नात त्यांना पंगतीत मीठ वाढायला उभं केलं. निळी बोटं बघून एक पाहुणा पानावरून उठायलाच लागला. अण्णा म्हणाले, "बसा पाव्हणं. बोटं निळी हाईत, मीठ पांढरंच हाय." स्वतःच्या लेकीचं लग्न ठरवताना तर त्यांनी होणाऱ्या जावयाला आठ दिवस घरी ठेवून घेतलं होतं. नवव्या दिवशी जाहीर केलं, "पोरगा पक्का हाय. धुतला तरी उतरत न्हाई." जावईही भला, तो ही गोष्ट हसत हसत सांगायचा.

रंग कुठं द्यायचा यापेक्षा कुठं द्यायचा नाही, हे त्यांना जास्त कळायचं. मरणाला ते रंग लावत नसत. एकदा कऱ्हाडला खेळ सुटल्यावर रजेवर आलेला एक शिपाई मशीनपाशी आला. चित्रात वाडा जळतो तो भाग अण्णांनी केशरी केला होता. शिपाई म्हणाला, "आवं, आग अशी नसती. आदी काळी असती. धूर, नुसता धूर. ज्वाळा मागनं येतीया." अण्णांनी त्याला बसवून घेतलं, चहा पाजला आणि आग कशी कशी वाढते ते सगळं विचारून घेतलं. तो बोलताना थांबला की अण्णाही थांबायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या जागेचा सुरुवातीचा रंग धुऊन काढला. पुढच्या मुक्कामी वाडा आधी काळाच धुमसला आणि मग पेटला, तेव्हा पुढं बसलेली माणसं खरोखरीच मागं सरकली. अशा माणसाला कोण जीव लावणार नाही?

लढाई सुरू झाली आणि विलायती रंग मिळेनासे झाले. अण्णांच्या ट्रंकेत धोतरांच्या घडीखाली जर्मन लाल रंगाचा एक डबा तेवढा उरला होता. तो ते काडीच्या टोकानं वापरायचे. डबा उघडताना खिडक्या लावून घ्यायचे, वाऱ्यानं कण उडू नयेत म्हणून. मी विनोदानं म्हणायचो, "अण्णा, दागिनं हाईत का काय त्यात?" ते म्हणायचे, "दागिनं मोडून परत घडिवता येत्यात, गड्या."

त्याच सुमाराला त्यांनी एक नवी सवय लावून घेतली. रंगवलेली फिल्म उन्हात धरायची आणि मला विचारायचं, "सांग रं, पळस का डाळिंब?" पळस म्हणजे भगव्याकडे झुकलेला लाल, डाळिंब म्हणजे गडद लाल. मी उत्तर द्यायचो, ते मान हलवायचे. मला वाटायचं, आपली परीक्षा चाललीय, आणि मी रोज पास होतोय. छाती फुगायची माझी.

मग एक दिवस त्यांनी नुसती कोरी फिल्म उन्हात धरली आणि म्हणाले, "गुलाबी झ्याक उतरलाय." त्या फिल्मवर रंगाचा थेंब नव्हता. मी गप्प उभा राहिलो. त्यांनाही माझं गप्प राहणं कळलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत वाढला होता आणि कित्येक महिने ते माझ्या डोळ्यांनी काम करत होते. "मालकास्नी बोलू नगंस," एवढंच ते म्हणाले.

मी बोललो नाही. वर्षभर मालकाच्या तोंडावर खोटं बोललो. रंग मी पारखायचो आणि वाहवा अण्णांची व्हायची. मला त्यात काही गैर वाटलं नाही. आपल्या माणसाचं झाकायचं नाही तर कुणाचं झाकायचं?

याच वर्षात कोल्हापूरहून माझ्या मेहुण्याचं पत्र आलं. एका स्टुडिओत फिल्म धुण्याच्या खोलीत जागा होती. कायमची नोकरी, एका गावात बिऱ्हाड, तंबूमागं वणवण नाही. बायको कऱ्हाडला माझ्या आईपाशी राहायची. वर्षातले चार महिनेच आम्ही एकत्र असायचो. तिनं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "आवं, जावा की. असं पत्र काय सारखं येतंय व्हय?"

मी अण्णांना सांगितलं. ते टबापाशी बसले होते. हात पाण्यातच ठेवून म्हणाले, "जाऊ नगंस. मला पोरगा न्हाई. समदं तुलाच देतो. माज्यामागं ह्या दोन जिल्ह्यांत रंग देणारा तूच." म्हातारा माणूस माझ्याकडे काही मागतोय असं मला वाटलंच नाही. देतोय असंच वाटलं. मेहुण्याला नकार कळवला. बायकोच्या भाकरी थापण्याचा आवाज तेवढा त्या दिवशी जरा जोरात आला.

पुढच्या पाडव्याला अण्णांनी शब्द पाळला, असं मला वाटलं. मिरजेच्या दवाखान्यात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. जाण्याआधी त्यांनी लाल कापडात बांधलेली वही माझ्या हातात ठेवली. कुठल्या रंगाला किती पाणी, किती वेळ, विहिरीचं जड पाणी असलं तर काय करायचं, मेण किती गरम, सगळं त्यांच्या डोळे शाबूत असतानाच्या ठसठशीत अक्षरात. जर्मन लाल रंगाची एक पुडीही बांधून दिली. डबा मात्र ट्रंकेत गेला, तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मी पाया पडलो. डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "ह्यात समदं हाय. माज्यापाशी आता काय ऱ्हायलं न्हाई."

हे वाक्य मी विसरलेलो नाही.

उंब्रजला तंबू लागला तेव्हा चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. मालकांनी नवीन चित्र आणलं होतं. त्यात शेवटच्या रिळात रंगपंचमीचं गाणं, आणि गाण्यानंतर लगेच शेवट. पाटी आधीच लागली होती. माझं पहिलं एकट्याचं काम. मी वही उघडून समोर ठेवली आणि पूजेची पोथी वाचावी तसा वाचत गेलो. रीळ स्वच्छ पाण्यात धुऊन घेणे, घेतलं. वाळवणे, वाळवलं. आवाजाच्या पट्टीवर मेण, लावलं. आणि रीळ रंगात सोडण्याआधी चिंधी. अण्णांच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या रिळांच्या टोकांचे कोरे तुकडे असायचे. चाचणीला आम्ही नेहमी तेच घ्यायचो, म्हणजे चांगल्या रिळाला कात्री लागत नाही. एक तुकडा भिजवला. असा सुंदर लाल उतरला की मी तो उन्हात धरून एकटाच हसलो. मग रहाट फिरवायला घेतला.

पाचव्या-सहाव्या फेऱ्याला पाण्यावर काहीतरी तरंगताना दिसलं. दुधावरून साय सुटावी तसं चित्र फिल्मवरून सुटत होतं. नाचणारी बाई, तिच्या मैत्रिणी, झाडं, सगळं सुरकुतून लाल पाण्यात उतरत होतं. मी रहाट थांबवला, रीळ वर काढलं. हातात नुसती स्वच्छ काचेसारखी पट्टी आली. ज्या बोटांनी धरायला गेलो त्यांना नाचणाऱ्या बाईचा चेहरा चिकटला.

संध्याकाळी तंबू भरला. शेवटचं रीळच नाही म्हटल्यावर मालक स्वतः पडद्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "पुढं त्या दोघांचं लगीन होतंय. समदं चांगलं होतंय. आता घरला जावा." कुणीतरी ओरडलं, "आवं, रंगीत गाणं कुटं हाय?" मग खुर्च्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी मला कामावरून काढलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही.

मी तसाच मिरजेला गेलो. माझंच काहीतरी चुकलं असणार, असं धरून चाललो होतो मी. काय चुकलं ते विचारायला गेलो होतो. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. पावलांवरून त्यांनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "आलास व्हय रं? मला ठावं हुतं तू येनार."

"अण्णा, चित्र सुटलं."

"सुटनारच." ते चक्क हसले. "तुकडाच न्हवं?"

"तुकडा न्हाई. सगळं रीळ."

हसू गेलं. "चिंधी भिजिवली न्हाईस?"

"भिजिवली की. पळस उतरला. एक नंबर."

"कुटली चिंधी?"

"डब्यातली. आपून नेहमी घेतो ती."

त्यांचा हात पांघरुणावर चाचपडत राहिला. मग म्हणाले, "त्या समद्या तुरटीतल्या रं. रीळ धुवाय म्हणून मी घरला न्यायचो न्हवं? तुरटीच्या पान्यात घालायचो. त्याबिगर उन्हाळ्यात चित्र फिल्म धरीत न्हाई. त्याच रिळांची टोकं डब्यात हाईत."

तुरटी! न्हाव्याच्या पेटीत असते ती. घरोघरी गढूळ पाण्यात फिरवतात ती. मेणाचा हात बसवायला दोन पावसाळे घालवणाऱ्या माणसानं तुरटीचा खडा तेवढा माझ्यापासून लपवला होता.

"वहीत न्हाई ते," मी म्हटलं.

"न्हाई."

"तुमी म्हणालात, समदं हाय."

"म्हनालो." मग ते घाईघाईनं बोलू लागले. "मला वाटलं, त्याच रिळाची चिंधी कापशील. ती सुटंल. मग येशील इचाराय. उंब्रजवरनं मिरज काय लांब हाय? तवाच सांगितलं असतं बग, आईशप्पत. समदं दिऊन टाकल्यावर आंदळ्याकडं कोन येतंय रं?"

"मी आलो असतो," मी म्हटलं. "वही दिली नसती तरी आलो असतो."

हे खरं होतं, आणि खरं आहे हे त्यांना कळलं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांनी माझा हात धरायला हात पुढं केला. मी त्या हातात वही ठेवली आणि निघून आलो. मागून त्यांनी एकदा माझ्या नावानं हाक मारली. मी वळलो नाही.

कोल्हापूरची जागा केव्हाच भरली होती. पुढं साताऱ्यात एका पक्क्या थिएटरात मशीनवर लागलो. बायकोनं त्या पत्राचा विषय कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. अण्णांचं ऑपरेशन साधलं नाही, असं कुणाकडून तरी कळलं. भेटायला जावं असं दोन-तीनदा मनात आलं. पण मग ते वाक्य आठवायचं, माज्यापाशी आता काय ऱ्हायलं न्हाई, आणि पाय उचलत नसे. ज्याचं मी वर्षभर झाकलं, त्यानं मला चिंधीसारखं भिजवून बघितलं. दुसरं काय म्हणणार तुम्ही याला?

स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला एके दुपारी अण्णांची लेक थिएटरात आली. अण्णा महिन्यापूर्वी गेले होते. तिनं पिशवीतून लाल कापडातलं गाठोडं काढलं. "दादा, हे तुमचं. अण्णांनी सांगून ठेवलं हुतं." मग म्हणाली, "काय दिसत न्हवतं, तरी रोज वही मागायचं. पेन्सिल द्या म्हनायचं. आमी इचारलं, आवं काय लिवतासा? तर म्हनं, ऱ्हायलंय ते."

ती गेल्यावर मी वही उघडली. निळ्या रंगाच्या पानावर, मूळ ओळींच्या अंगावरून, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, तुरटी. गुलाबीच्या पानावर, तुरटी. केशरीच्या, मेणाच्या, विहिरीच्या पाण्याच्या. पुढं कोरी पानं होती, त्यांवरही. कुठं अक्षर पानाच्या कडेवरून खाली घसरलं होतं, कुठं एकाच जागी चार-पाच वेळा गिरवून कागद फाटला होता. लिहिलंय की नाही हे दिसत नसणार, म्हणून पुन्हा पुन्हा लिहीत राहिले असतील. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलासुद्धा होतं. खाली तो जर्मन रंगाचा डबा. तळाशी चिमूटभर लाल.

रंगीत गाण्याची ती हौस तोवर सरली होती. मालकांनी तंबू विकून टाकला होता. त्या वहीचा आता कुणाला काही उपयोग नव्हता, मलाही नाही. राग गेला असंही मी म्हणणार नाही. वेळेवर एकदा सांगितलं असतं तर पुरलं असतं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी झाल्यावर मी तुरटीचा खडा परत पेटीत ठेवला नाही. वाटीत पाणी घेतलं, खडा फिरवला, थिएटरातून आणलेला फिल्मचा एक तुकडा त्यात बुडवून वाळवला. चांगल्या रिळाच्या टोकाचा, मुद्दाम कापून घेतलेला. मग दुसऱ्या वाटीत डब्यातलं ते उरलेलं लाल. बायको चुलीपाशी बसून बघत होती. चित्र सुटलं नाही.

तुकडा घेऊन मी दारात आलो आणि उन्हात धरला.

"पळस," मी म्हटलं. विचारणारं कुणी नव्हतं.